हिऱ्याचा कट कसा बघायचा? घेण्याआधी सगळ्यांना पडणारे प्रश्न

मी मुंबईला बीकेसीत एका ऑफिसात हिरे असॉर्ट करते, म्हणजे दिवसभर चिमट्यात खडा धरून रंग, डाग, कट बघायचा आणि प्रतवारी लावायची. त्यामुळे नात्यात, सोसायटीत कुणाचं लग्न ठरलं की मला फोन येतोच, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. जास्त करून गोल हिऱ्याबद्दल आहे, कारण आपल्याकडे अंगठीत तोच जास्त घेतात, बाकीच्या आकारांचं पुढे लिहिलंय.

कट म्हणजे आकारच ना? गोल, चौकोनी, बदाम वगैरे?

नाही, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. गोल, ओव्हल, प्रिन्सेस हा झाला आकार, म्हणजे शेप. कट म्हणजे त्या आकारात पैलू किती नेमके पाडलेत, कुठल्या कोनात, एकमेकांशी किती जुळवून. दोन हिरे दोन्ही गोल, दोन्ही एक कॅरेट, दोन्हींचा रंग जी, दोन्हींची क्लॅरिटी, म्हणजे डागांची प्रत, व्हीएस वन, आणि तरी एक टेबलावर ठेवला तर खोलीच्या टोकावरून दिसतो आणि दुसरा काचेच्या मण्यासारखा गप्प बसून राहतो. हा फरक कटचा. जुनी माणसं "हिऱ्याला पाणी आहे" म्हणायची ना, त्यातलं बरंचसं पाणी आज आपण ज्याला कट म्हणतो त्यातूनच येतं.

एवढा फरक पडतो कशामुळे? हिरा तर मुळातच चमकतो.

मुळात चमकत नाही हो. रफ हिरा हातात घेतला तर तुरटीच्या खड्यासारखा वाटेल, सांगितल्याशिवाय ओळखायचा नाही कुणी. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२ च्या आसपास, खूपच जास्त, त्यामुळे आत शिरलेला उजेड सहजी बाहेर सुटत नाही. आतल्या पैलूवर काढलेल्या लंबाशी साधारण २४.४ अंशांपेक्षा जास्त कोन करून किरण आपटला की तो पूर्ण आत परततो. कारागीर याचाच फायदा घेतो. खालच्या निमुळत्या भागाचे पैलू असे पाडायचे की वरून आलेला उजेड एका बाजूला आपटून दुसऱ्या बाजूला जाईल आणि तिथून सरळ वर, तुमच्या डोळ्यात येईल. खालचा भाग चपटा राहिला किंवा जास्त खोल झाला की तोच उजेड तळातून किंवा कडेनं निसटतो. मग रंग डी (सगळ्यात वरचा, अगदी पांढरा) असो की क्लॅरिटी फ्लॉलेस (एकही डाग नाही), हिरा मेलेलाच दिसणार.

चांगल्या कटच्या हिऱ्यात तीन गोष्टी बघायच्या: पांढरा उजेड किती परत येतो, त्यात निळ्या-केशरी-हिरव्या ठिणग्या किती फुटतात, आणि हिरा हलवला की लुकलुक किती होते. तिन्ही हव्यात. नुसता पांढरा भक्क उजेड पण लुकलुक नाही, असा हिरा थोड्या वेळानं कंटाळवाणा वाटतो.

मग दुकानदार आधी कॅरेटबद्दलच का बोलतो?

कारण कॅरेट सांगायला सोपं आणि ऐकायला भारी. आणि भाव वजनावर ठरतो, एक कॅरेटला टेकला की भावाची पायरीच बदलते. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, शंभर सेंट. आता विचार करा, सुरतला कारखान्यात रफ हिरा मशीनवर स्कॅन होतो आणि सॉफ्टवेअर पर्याय दाखवतं की असा कापला तर ९३ सेंटचा एक नंबर हिरा निघेल आणि असा कापला तर १.०१ कॅरेटचा थोडा खोलगट निघेल. बरेच जण दुसरा पर्याय घेतात, कारण "एक कॅरेट" या शब्दाला गिऱ्हाईक आहे. हे जास्तीचं वजन जातं कुठे तर हिऱ्याच्या पोटात आणि कमरेत, जिथे ते दिसतच नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. माझ्या धाकट्या बहिणीच्या साखरपुड्याला आम्ही अंगठी घेतली तेव्हा मी या लाइनमध्ये नव्हते. बाबांनी हौसेनं सांगितलं होतं, एक कॅरेटच्या खाली नको. दुकानात तो हिरा असा काही पेटला होता की आम्ही लगेच हो म्हटलं. सर्टिफिकेटवर लिहिलं होतं, कट: गुड. आम्हाला वाटलं गुड म्हणजे चांगला, अजून काय पाहिजे. घरी आणून ट्यूबलाइटखाली धरला तर वरच्या सपाट पैलूच्या आतून एक करडी मंद रिंग दिसत होती, बहीण काही बोलली नाही पण मला तिचा चेहरा आजही आठवतो. नंतर शिकल्यावर मी ते सर्टिफिकेट परत काढून वाचलं: १.०१ कॅरेट, व्यास ६.२५ मिलिमीटर, खोली ६४.४ टक्के. चांगल्या कटचा ९० सेंटचा हिरा साधारण ६.२ मिलिमीटरचा असतो. म्हणजे आम्ही पैसे एका कॅरेटचे दिले आणि बोटावर दिसतोय नव्वद सेंटचा, तोही मंद. बाबांच्या कष्टाचे पैसे होते ते, म्हणून इतकं तळमळून सांगते.

सर्टिफिकेटवर नेमकं काय बघू?

आधी सर्टिफिकेट कुणाचं ते बघा. जीआयए, आयजीआय, एचआरडी ही हिरे तपासणाऱ्या लॅबची नावं तुम्हाला जास्त दिसतील, जीआयएची आणि आयजीआयची लॅब मुंबईतही आहे. जीआयएची कटची श्रेणी फक्त नेहमीच्या गोल ब्रिलियंट हिऱ्याला असते आणि ती २००६ पासून सुरू झाली, त्याआधीच्या जुन्या रिपोर्टवर कटचा रकाना सापडणार नाही. श्रेणी पाच: एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर. म्हणजे "गुड" हा पाचातला तिसरा नंबर आहे, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आयजीआयमध्ये एक्सलंटच्याही वर आयडियल असतं, त्यामुळे दोन लॅबची श्रेणी शब्दाला शब्द लावून ताडू नका.

मग पॉलिश आणि सिमेट्री. तिन्ही एक्सलंट असले की बाजारात ट्रिपल एक्सलंट म्हणतात. आणि खाली किंवा बाजूला हिऱ्याची उभी आकृती असते, लोक ती चित्र समजून सोडून देतात. तीच सगळ्यात कामाची! टेबलाचे टक्के, खोलीचे टक्के, क्राउनचा कोन, पॅव्हेलियनचा कोन, गर्डल, सगळं तिथे असतं. क्राउन म्हणजे हिऱ्याचा वरचा भाग, पॅव्हेलियन म्हणजे खालचा निमुळता, गर्डल म्हणजे मधली कंबर आणि टेबल म्हणजे वरचा सपाट मोठा पैलू.

ट्रिपल एक्सलंट असेल तर डोळे झाकून घ्यायचा का?

नको. एक्सलंटची चौकट बरीच मोठी आहे. टेबल ५२ ते ६२ टक्के, क्राउन ३१.५ ते ३६.५ अंश, पॅव्हेलियन ४०.६ ते ४१.८ अंश, साधारण एवढ्यात बसणारा हिरा (बाकीच्या गोष्टी जुळल्या तर) एक्सलंट होऊ शकतो. वर्गात ७५ टक्के मिळालेला आणि ९८ मिळालेला दोघंही डिस्टिंक्शनमध्येच, तसं आहे हे.

मी स्वतः घरच्यांसाठी बघते तेव्हा चौकट छोटी करते: टेबल ५४ ते ५८, खोली ६० ते ६२.५ टक्के, क्राउन ३४ ते ३५, पॅव्हेलियन ४०.६ ते ४१, गर्डल थिन ते स्लाइटली थिक यांच्यामधलं काहीही, क्युलेट (तळाच्या टोकावरचा बारीक पैलू) नन, म्हणजे नसलेला. यातला पॅव्हेलियनचा कोन सगळ्यात नाजूक, दोन दशांश अंश इकडचा तिकडे झाला तरी फरक कळतो, क्राउन त्यामानानं सांभाळून घेतो. अजून एक, दोघांचं नातं उलटं असतं, क्राउन थोडा उंच असेल तर पॅव्हेलियन थोडा उथळ हवा. दोन्ही एकाच वेळी चढे असतील, क्राउन ३६ आणि पॅव्हेलियन ४१.८ असं काही, तर कागदावर कुठलीही श्रेणी असो मी तो बाजूला ठेवते.

हे आकडे हवेतून नाही आले. १९१९ मध्ये मार्सेल टोल्कोव्स्की नावाच्या, हिरे कापणाऱ्या घराण्यातल्याच इंजिनिअरनं गणित मांडून दाखवलं होतं: टेबल ५३ टक्के, क्राउन ३४.५, पॅव्हेलियन ४०.७५. शंभर वर्षं उलटून गेली तरी आपण त्याच्याच आसपास फिरतोय. जीआयएच्या रिपोर्टवर मात्र ४०.७५ शोधत बसू नका, तिथे पॅव्हेलियन दोन दशांशाच्या टप्प्यानं लिहितात, ४०.६, ४०.८, ४१.० असं, आणि क्राउन अर्ध्या अंशाच्या टप्प्यानं. शिवाय ती सरासरी असते. म्हणूनच आकड्यांवर गाळणी लावायची आणि शेवटचा निर्णय डोळ्यांनी घ्यायचा.

दुकानात डोळ्यांनी कसं तपासू? मला तर सगळेच सारखे चमकताना दिसतात.

दिसणारच, दुकानातले ते छोटे छोटे स्पॉटलाइट त्याचसाठी असतात, त्यांच्याखाली काचेचा खडाही ठिणग्या टाकतो. तर असं करा.

पहिलं, हिरा पुसून मागा. बोटाचं तेल लागलेला हिरा काहीच खरं सांगत नाही.

दुसरं, स्पॉटलाइटपासून लांब जा. काउंटरच्या कोपऱ्यात साधा ट्यूबलाइट असेल तिथे, नाहीतर दाराशी, जिथे सावली आहे पण दिवसाचा उजेड येतोय तिथे. दुकानदार सोबत माणूस देईल, त्यात अपमान वाटून घेऊ नका, त्याचाही माल आहे. भर उन्हात मात्र बघू नका, कडक उन्हात उत्तम कटचा हिराही काळपट दिसतो आणि मधूनच रंगीत ठिणगी टाकतो, त्यावरून घाबरायला होतं. मग आपल्या अंगाची सावली पाडून, अगदी काउंटरच्या खाली नेऊन बघा. कमी उजेडातही ज्याच्यात जीव राहतो तो हिरा चांगला, आणि ही परीक्षा भलेभले हिरे नापास होतात.

तिसरं, हातभर अंतरावर धरून सावकाश डुलवा, समोर-मागे, डावी-उजवी. काळे-पांढरे तुकडे सारखे जागा बदलत राहिले पाहिजेत. एखादा भाग कुठूनही बघा, कायम मंद किंवा करडाच राहत असेल तर उजेड तिथून गळतोय. टेबलात मध्यभागी काळा डोळा दिसला तर हिरा जास्त खोल आहे, या लाइनमध्ये त्याला नेलहेड म्हणतात. टेबलाच्या आत कडेनं गोल पांढरट कडं दिसलं, माशाच्या डोळ्यासारखं, तर तो चपटा आहे, त्याला फिशआय. एकदा हे दोन्ही बघितले की परत विसरत नाही माणूस.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकटा हिरा बघू नका. दोन-तीन शेजारी शेजारी ठेवायला सांगा, त्यातला एक चांगल्या आकड्यांचा हमखास मागून घ्या. नवशिक्यालाही शेजारी ठेवले की फरक कळतो, माझ्या आईला कळला, तिनं आयुष्यात लूप (हिरे बघायचं भिंग) हातात धरलेला नाही.

ऑनलाइन घ्यायचा असेल तर?

३६० अंशाचा व्हिडिओ असल्याशिवाय नको. त्यात हिरा खूप मोठा केलेला असतो त्यामुळे डाग बघून दचकायला होतं, पण कटसाठी आठ बाण (गोल हिऱ्यात वरून दिसणारी पैलूंची नक्षी) सारखे दिसतात का आणि फिरताना कुठला भाग मेलेला राहतो का एवढंच बघा. शक्य असेल तर आयडियलस्कोप किंवा एसेटचा फोटो मागा, ही रंगीत आरशाची साधी उपकरणं असतात. आयडियलस्कोपमध्ये परत येणारा उजेड लाल दिसतो आणि गळणारा पांढरा. लाल भरगच्च हवा. आणि परत करायची मुदत लेखी घ्या, घरच्या उजेडात बघायला चार दिवस तरी मिळाले पाहिजेत.

हार्ट्स अँड अ‍ॅरोज म्हणून जास्त पैसे मागतात, द्यावे का?

खास स्कोपमधून वरून बघितलं की आठ बाण आणि खालून आठ बदाम दिसतात, म्हणजे पैलू फार नेमके जुळलेत. सुंदर काम आहे, कारागिराला सलाम करावा असं. पण बाण बऱ्याच साध्या हिऱ्यांतही दिसतात, खरी कसोटी खालच्या बदामांची. दुकानदार नुसते बाण दाखवून जास्त पैसे मागत असेल तर बदामही दाखवा म्हणावं.

ओव्हल, पेअर, प्रिन्सेस यांचा कट रिपोर्टवर दिसत नाही?

जीआयए या आकारांना पॉलिश आणि सिमेट्री देतं, कटची श्रेणी देत नाही. त्यामुळे "एक्सलंट आहे" असं कुणी म्हणालं तर ते बहुतेक पॉलिशचं असतं, नीट वाचा. ओव्हल, पेअर, मार्कीझमध्ये मधोमध आडवी काळी बो-टायसारखी पट्टी येते. थोडीशी सगळ्यांतच असते, पण डुलवल्यावरही हटत नसेल तर सोडा. इथे आकड्यांची फारशी मदत होत नाही, डोळेच.

कुडी, चमकी, मंगळसूत्राचं पेंडंट, यातल्या बारीक हिऱ्यांचं काय?

एवढ्या बारीक हिऱ्यांना सहसा एकेकाला सर्टिफिकेट नसतं, पूर्ण दागिन्याचं असतं. तिथे दोन प्रश्न विचारा. एक, सिंगल कट की फुल कट? सिंगल कटला १७ पैलू, फुल कटला ५७. अगदी बारीक चुऱ्यात सिंगल कट चालतो पण नाकातली चमकी किंवा सात हिऱ्यांची कुडी असेल तर फुल कटच घ्या. दोन, सातही हिरे जुळतात का. कुडी थोडी लांब धरून डोळे बारीक करून बघा, एखादा खडा विझलेला दिसला तर तोच आयुष्यभर खुपत राहतो, कारण बघणाऱ्याचं लक्ष बरोब्बर तिथेच जातं. आणि कोंदण मागून उघडं आहे का बघा, साफ करायला सोपं जातं.

लॅबग्रोन असेल तर कट बघायची गरज आहे का?

आहे, उलट जास्त. लॅबमध्ये वाढलेला हिराही कार्बनचाच, उजेडाचं गणित तेच, त्यामुळे वर लिहिलेलं सगळं लागू. आणि तिथे निवड इतकी आहे की साधा कट घ्यायचं काही कारणच नाही. फक्त नैसर्गिक की लॅबग्रोन हे बिलावर स्पष्ट लिहून घ्या. दुकानात जे पेनसारखं टेस्टर लावून टीं वाजवून दाखवतात ते उष्णतेवर चालतं, ते दोन्हींना वाजतं, मॉइसनाइटलाही (हिऱ्यासारखा दिसणारा वेगळाच खडा) वाजू शकतं. आणि कटबद्दल ते काहीच सांगत नाही.

"हॉलमार्क आहे ना ताई, मग सर्टिफिकेट कशाला?"

हॉलमार्क सोन्याचा असतो, हिऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही. हे वाक्य ऐकलं की मी तरी उठते. सर्टिफिकेटचा नंबर बऱ्याचदा हिऱ्याच्या गर्डलवर लेझरनं कोरलेला असतो, दहापट लूपमधून तो दाखवायला सांगा आणि तोच नंबर लॅबच्या साइटवर तिथल्या तिथे टाकून बघा, आकडे जुळले पाहिजेत. अंगठीत बसवून झाल्यावर परत एकदा बघा.

आजीचे जुने हिरे आहेत, कमी चमकतात. नव्यानं कट करून घेऊ का?

हा प्रश्न आला की मी थांबायला सांगते. आपल्याकडची जुनी पद्धत वजन राखायची होती, चमक दुय्यम. कोहिनूर १८६ कॅरेटचा होता, लंडनमध्ये १८५२ साली नव्यानं कापला तेव्हा १०५.६ राहिला. आणि आपल्या घरचं उदाहरण द्यायचं तर त्र्यंबकेश्वराच्या देवळातला नासक हिरा, पेशवाई बुडाली तेव्हा १८१८ मध्ये इंग्रजांनी नेला. तो ८९ कॅरेटच्या आसपास होता, तिकडे कापून ७८ वर आला, आणि १९४० मध्ये न्यू यॉर्कच्या हॅरी विन्स्टननं घेऊन परत कापला तो ४३.३८ कॅरेट. चमक आली असेल, पण अर्ध्याहून जास्त हिरा गेला, आणि देवापुढे होता तो हिरा आता कुठल्याच अर्थानं तो राहिला नाही असं मला वाटतं. तुमच्या आजीच्या कुडीतले खडे बारीक असणार, परत कापण्यात वजन जाईल, मजुरी जाईल, हाती फार काही उरणार नाही. आधी साफ करून आणि कोंदण बदलून बघा. निम्मी मंदी तिथेच असते.

बजेट ठरलेलं आहे, मग तडजोड कशात करू?

रंगात जी किंवा एच चालतो, पिवळ्या सोन्यात तर आय सुद्धा. क्लॅरिटीत व्हीएस टू, आणि डोळ्याला डाग दिसत नसेल तर एसआय वन. वजनात १.०० ऐवजी ९०-९५ सेंट बघा, भावात चांगला फरक पडतो आणि चांगल्या कटमुळे बोटावर जवळपास तेवढाच दिसतो. कटमध्ये तडजोड नको, निदान गोल हिऱ्यात तरी नको.

एक्सलंट कट घेतला, पण वर्षभरात चमक गेली. फसवलं का?

बहुतेक नाही. हिऱ्याला तेल-तूप पटकन चिकटतं, खाणीतसुद्धा हिरे वेगळे करायला ग्रीस लावलेली टेबलं वापरायचे ते याच गुणामुळे. क्रीम, केसांचं तेल, कणकेचा हात, उटणं, सगळं जाऊन बसतं खालच्या बाजूला, आणि उजेड परतवायचं काम करणारे पैलू तेच. कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब टाका, अंगठी पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवा, मग मऊ टूथब्रशनं मागच्या बाजूनं घासा, वरून नाही, मागून. बेसिनच्या जाळीवर फडकं टाकून मगच धुवा. माझ्या बहिणीची ती अंगठीसुद्धा मी दर दिवाळीला अशीच धुऊन देते.